सुट्टीत पोरं पाण्यावर जातात, राखण कोण करतं?

कडोलीची_सून

हा धागा मी मार्चमध्येच काढतेय. मे महिन्यात काढून उपयोग नाही, तोवर पोरं पाण्यात असतात.

आमच्या बेळगावकडच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडच्या शाळा मागाहून सुटतात आणि मग ती पोरं मामाच्या गावाला येतात. मे महिन्यात सीमेवरच्या कुठल्याही घरात डोकावा, दोन्हीकडची भाचरं-पुतणी मिळून आठ-दहा डोकी सहज सापडतील. गावच्या पोरांना आपलं पाणी ठाऊक असतं. कुठल्या विहिरीला पायऱ्या आहेत, मार्कंडेय नदीच्या पात्रात डोह कुठं आहे, गाळ कुठल्या अंगाला आहे, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, तरी माहीत असतं. पाहुण्या पोराला यातलं काहीच माहीत नसतं. आणि गावच्या पोरांपुढं 'मला भीती वाटते' म्हणायची त्याला लाज वाटते.

गेल्या मे महिन्यात माझ्या नणंदेचा मुलगा, नऊ वर्षांचा, आमच्या शेततळ्यात गेला. तळं 20 बाय 20 मीटरचं, 3 मीटर खोल, आत काळा प्लास्टिकचा कागद. त्या दिवशी शेतात आम्ही मोठी माणसं सात होतो. जाऊबाईंना वाटलं मी बघतेय. मला वाटलं दीर मोटारीपाशी आहेत, त्यांचं लक्ष असेल. दिरांना वाटलं एवढ्या बायका आहेत की तिथं. मी भाकरीचं गाठोडं सोडत होते, तेवढ्यात चर्र असा बारीक आवाज आला. कागदावर नख ओढल्यासारखा. उंदीर असेल असं मनात येऊन मी परत गाठ सोडायला लागले. तो आवाज दुसऱ्यांदा आला तेव्हा मान वळवली.

पोरगं पाण्यात उभं होतं. ओरडत नव्हतं, हात हलवत नव्हतं. तोंड पाण्याच्या बरोबरीला, वर आभाळाकडं, डोळे उघडे. दोन्ही हातांची बोटं कागदावर होती. ती थोडी वर सरकायची आणि शेवाळावरून परत खाली यायची. तेवढाच काय तो आवाज. माझ्यापासून दहा पावलांवर.

सासूबाईंनी बैलाचा कासरा फेकला. दोनदा हुकला. तिसऱ्यांदा त्याच्या हातावर पडला आणि त्यानं तो धरला. दीर पालथे पडले, आम्ही दोघी जावांनी त्यांचे पाय आवळून धरले आणि पोराला दंडाला धरून वर ओढलं. वर आल्यावर पहिल्यांदा तो रडला. मला ते रडणं इतकं गोड वाटलं की मी तिथंच बसले.

सात माणसं होतो म्हणूनच कुणाचं लक्ष नव्हतं, हे मला त्या रात्री कळलं. एकटी असते तर मी नजर हलवली नसती.

मला इथं दोन गोष्टी हव्यात. तुमच्या गावच्या पाण्यात काय फसवं आहे ते लिहा, आणि घरी काय नेम केलाय ते लिहा.

बेळगुंदी_पोरगा

वैनी, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं खडीच्या जुन्या खाणी आहेत. पावसाचं पाणी साठून हिरवंगार दिसतं, पोरं वरनं सूर मारतात. कडा सरळ तुटलेली असते, आत उतरायला जागा असली तर वर यायला नसते. आणि तळाला दगड कुठं वर आलाय हे वरनं अजिबात दिसत नाही. माझ्या वर्गातल्या एकाची मान अशाच सुरानं मोडली, तो आज चाकाच्या खुर्चीवर आहे. पोहायला आमच्यात सगळ्यात भारी तोच होता.

कृष्णाकाठ_येडूर

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. उडी न घेता कासरा फेकायचं फार थोड्यांना सुचतं.

मी नदीकाठचा. आमच्याकडं पाण्याची भीती कुणालाच नाही, तेच अवघड आहे. नदीचं मी बघितलेलं सांगतो.

जिथं वाळू उपसलीय तिथं पात्राचा भरवसा धरू नका. पोरगं गुडघाभर पाण्यात खेळत असतं, पुढचं पाऊल टाकतं आणि एकदम दोन पुरुष पाणी लागतं. खड्ड्याची कड भुसभुशीत, मागं यायला जावं तर वाळू पायाखालनं निसटते. दरवर्षी पुरात हे खड्डे जागा बदलतात. म्हणून 'आम्ही लहानपणापासून इथंच पोहतोय' ह्या बोलण्याला नदीत अर्थ नाही. गेल्या वर्षीची नदी ह्या वर्षी नसते. आणि उन्हाळ्यात कधी वरच्या धरणातनं पाणी सोडतात, तेव्हा आभाळात ढग नसताना पाणी चढतं.

आता बंधारा. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपल्या सगळ्या नद्यांवर आहेत. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. वरच्या अंगाला पाणी आरशासारखं संथ दिसतं आणि पोरं तिथंच उतरतात. पण एखादा बरगा सरकलेला असला की त्या फटीतनं पाणी सगळ्या नदीचा दाब घेऊन जात असतं. त्या फटीत पाय ओढला गेला तर चार गड्यांना निघत नाही. खालच्या अंगाला वेगळाच धोका. भिंतीवरनं पडलेलं पाणी तळाला जातं, वर उसळतं आणि परत भिंतीकडंच वळतं. मी एकदा एक रिकामी पाण्याची बाटली तिथं बघितली. सकाळी नऊला बघितली, वैरण घेऊन परत येताना अकरा वाजता बघितली, ती त्याच हातभर जागेत गरगर फिरत होती. तरंगणारी बाटली सुटत नाही तिथं पोरगं कसं सुटेल?

तिसरं मोटारींचं. काठाला पाणी उपसायच्या मोटारी, त्यांच्या वायरी जोडावर जोड देऊन पाण्यातनं गेलेल्या. पोरांना त्या वायरीला धरून वर यायची सवय असते. लाईट कधी येईल ह्याचा नेम नाही. आमच्या आळीत आम्ही पोरांना आधी 'वायर दिसली की तिथं पाण्यात उतरायचं नाही' हे शिकवतो, पोहणं त्याच्यानंतर.

येळ्ळूरचा_आज्जा

लेकरांनो, सगळं खरं आहे. पण भीती घालून पोरं पाण्यापासून लांब ठेवाल तर ती चोरून जातील. आम्ही सगळे विहिरीत शिकलो. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक थोरल्या भावाच्या हातात. आठ दिवसांत डबा सुटायचा. त्यानंतर मुटका काय, सूर काय. आता घरोघरी विहीर बुजवली किंवा बोअर मारली, पोरं मोबाईलवर, आणि एक दिवस एकदम नदीवर जातात. त्यांना पोहायला शिकवा, एवढंच माझं म्हणणं.

खानापूर_मास्तर

आजोबा, शिकवायलाच पाहिजे, तुमच्या शब्दाला माझा शब्द जोडून सांगतो. फक्त एक पुढची गोष्ट. तुमच्या गोष्टीतला जीव वाचवणारा भाग डबा नव्हता, थोरल्या भावाच्या हातातला दोर होता. डबा आजही आहे, ट्यूब आहे, प्लास्टिकचा कॅन आहे. दोर धरणारा भाऊ राहिला नाही.

आणि 'पोहता येतं' म्हणजे काय येतं हेही बघायला हवं. विहिरीत ह्या काठावरनं त्या काठाला गेलं की आपण म्हणतो पोरगं तयार झालं. बांगलादेशात खेड्यापाड्यांतल्या तळ्यांत बांबूचा मंच बांधून लाखो मुलांना शिकवलं गेलं. तिथं कसोटी दोन्हींची असते: 25 मीटर पोहायचं आणि अर्धा मिनिट जागच्या जागी तरंगायचं. मला ती दुसरी कसोटी जास्त मोलाची वाटते. दमलेल्या पोराला उताणं होऊन, कान पाण्यात ठेवून, श्वास घेत पडून राहता आलं तर कुणीतरी येईपर्यंत त्याला वेळ मिळतो. आमच्या भागातल्या पोरांना सूर मारता येतो, उताणं पडता येत नाही. ते कुणी शिकवतच नाही.

मलप्रभेवर असोग्याला सहली येतात, म्हणून शिक्षकांसाठी एक लिहितो. डिसेंबर 2024 मध्ये मुरुडेश्वरला शाळेच्या सहलीतल्या चार मुली समुद्रात बुडून गेल्या. तेव्हापासून सहलीच्या आधी मी पालकांच्या सह्या घेतो त्याच कागदावर एक रकाना वाढवलाय: पाण्यापाशी कुठला शिक्षक कुठल्या दहा मुलांचा. नावानिशी. सहलीत सगळे शिक्षक सगळ्या मुलांकडं बघतात, म्हणजे ताईंच्या शेतातल्या सात माणसांसारखं होतं.

खानापुरात कौलाच्या आणि विटांच्या मातीसाठी खणलेले खड्डे आहेत, ते जून-जुलैमध्ये भरतात. लाल गढूळ पाणी, खोली कळत नाही, काठ निसरडा. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी मुलांकडूनच गावाचा नकाशा काढून घेतो आणि पाण्याच्या जागा निळ्या खडूनं रंगवायला सांगतो. मला माहीत नसलेल्या तीन-चार जागा दरवर्षी निघतात.

निपाणीची_मावशी

मास्तर, नकाशाचं फार आवडलं. आमच्याकडं तलावाच्या काठाला धोक्याचा फलक आहे, पण तो फक्त कन्नडमध्ये. आमच्या पोरांना येतं वाचायला, पण कोल्हापूरहून आलेल्या भाच्याला ते नुसतं वळणावळणाचं चित्र. मी भाषेच्या वादात शिरत नाही, माझं म्हणणं एवढंच की बुडणाऱ्या पोराचं चित्र काढा. हात वर, लाटा, लाल फुली. चार वर्षांच्या पोरालाही कळतं. आमच्या बचत गटाच्या बायकांनी दोन पत्रे रंगवून लावले, खर्च फारसा आला नाही.

घरचा नेम सांगते. आमच्याकडं एक लाल पंचा आहे. पाण्यावर निघालो की तो एकाच्या गळ्यात. ज्याच्या गळ्यात पंचा त्यानं मोबाईल दुसऱ्याकडं द्यायचा, पत्ते खेळायचे नाहीत, भाकरी वाढायची नाही, नुसतं बघायचं. वीस मिनिटांनी पंचा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा, हातानं, तोंडानं सांगून: 'आता तू बघ, सहा पोरं आहेत.' आकडा सांगायचाच. पंचा फांदीला अडकवून कुणी उठला तर त्या क्षणी सगळी पोरं बाहेर. सुरुवातीला आमच्या भावजींना हसू आलं होतं. आता तेच पंचा मागून घेतात.

माझा एक प्रश्न. धरणावर बोटीत बसायला पोरं हट्ट करतात. तिथं जॅकेट देतात तेवढ्यावर विश्वास ठेवायचा का?

कृष्णाकाठ_येडूर

मावशी, जॅकेट घातलंय म्हणजे झालं असं नाही. बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसांचंच असतं. पोराला घालून पट्टे आवळा आणि मग जॅकेटच्या दोन्ही खांद्यांना धरून पोराला वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत वर आलं आणि पोरगं खालीच राहिलं, तर पाण्यात हेच होणार. जॅकेट तरंगेल, पोरगं खालनं निसटेल. लहान पोराच्या जॅकेटला दोन मांड्यांच्या मधनं जाणारा पट्टा असतो, तो नसला तर बसवू नका. फुगवायची हवेची कडी, दंडात घालायचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्या जिवावर पोराला सोडू नका.

आणि माणसं मोजा. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत जास्त माणसं भरली होती आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. सहलीचा साधा तलाव, पूर नाही, वादळ नाही.

वाऱ्याचंही तसंच. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली, त्यात दोन लहान लेकरं. आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस. दुपारभर ऊन रणरणतं, चारनंतर आभाळ काळं होतं आणि दहा मिनिटांत वारा सुटतो. हिडकल किंवा नविलतीर्थ धरणाच्या मोठ्या पाण्यावर त्या वाऱ्यानं लाटा उठतात. माझं ऐकाल तर वळवाच्या दिवसांत पोरांना घेऊन बोटीत बसायचं ते सकाळी. ढग जमायला लागले की तिकीट वाया गेलं तरी चालेल.

बोटीत पोरं मधोमध, बुड टेकून. पुढं नाकाडावर नाही, कडेवर हात बाहेर टाकून नाही. बोटी उलटतात त्या बऱ्याचदा फोटोसाठी, सगळे एका अंगाला येतात. काठाला लागताना तर बघायलाच नको. बोट थांबायच्या आधी पोरगं घाटाच्या पायरीवर उडी टाकतं, बोट मागं सरकते आणि पोरगं मधल्या फटीत. आधी बोट बांधायची, मग मोठं माणूस उतरणार, मग पोराला दंडाला धरून घ्यायचं. आणि उलटलीच तर बोट सोडायची नाही. पालथी बोटही तरंगते.

पुरातलं वेगळं लिहितो, कारण ते आमच्या नशिबी आहे. ऑगस्ट 2019 च्या पुरात होड्या कमी पडल्या. अशा वेळी आमच्याकडं गुऱ्हाळाची काहील, म्हणजे गूळ करायची मोठी कढई, पाण्यात काढतात. काहिलीनं माणसं वाचलीत, मी नाकारत नाही. पण तिला ना नाकाड ना सुकाणू, एका कडेला वजन गेलं की पाणी आत. त्याच महिन्यात, 8 तारखेला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. ती बोटही माणसांनी खच्चून भरली होती. पाणी घरात शिरायची वाट बघायची नाही. बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आमच्या घरातली लहान पोरं त्याच दिवशी चिकोडीला बहिणीकडं जातात. रिकामी काहील आणि कोरडी पोरं, हा आमचा पुराचा नेम.

हुक्केरी_अंगणवाडी

सगळ्यांचं वाचतेय. पण इथं आत्तापर्यंत सगळी पोहण्याच्या वयाची पोरं आली. मला एक ते चार वर्षांच्या लेकरांबद्दल लिहायचंय, कारण माझ्या नोकरीत तीच असतात.

ती पोहायला जात नाहीत. ती आईच्या मागं चालत जातात, मध्येच बसतात, आणि जवळ पाणी असतं. ओढा, कालवा, गोठ्यातला हौद, अंगणातला बॅरल. लहान लेकराचं डोकं जड, ते वाकून बघायला गेलं की पालथं पडतं आणि वीतभर पाण्यातही त्याला तोंड वर करता येत नाही. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पहाटे आई-बाप फडात जातात, खोपीत पाच-सहा वर्षांची बहीण आणि तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ. खोपी पाण्याजवळच असतात, त्याशिवाय भागत नाही. आणि घटप्रभेच्या कालव्याला सिमेंटचं अस्तर आहे, उतार गुळगुळीत, मोठ्यालाही धरायला काही नाही.

मास्तरांनी बांगलादेशाचं नाव काढलं म्हणून सांगते. तिथं गावोगावी 'आंचल' नावाची पाळणाघरं चालवली. एक ते पाच वर्षांची मुलं, सकाळी नऊ ते दुपारी एक, गावातलीच एक बाई सांभाळणार. वेळ तीच का, तर आई कामात असते ती वेळ तीच, आणि लेकरं बुडतात तीही त्याच वेळेला. तेवढ्या चार तासांच्या राखणीनं बुडून मरणारी लेकरं पुष्कळच कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनाही आता लहान मुलांसाठी हाच उपाय पुढं ठेवते. कुंपण, पोहणं हे त्याच्या जोडीला.

मी गेली दोन वर्षं टोळीच्या मुकादमाला हंगाम लागतानाच भेटते. लेकरं अंगणवाडीत पाठवा, नाव पटावर नसलं तरी पाठवा, म्हणते. सगळे पाठवत नाहीत. गेल्या हंगामात अकरा लेकरं आली. एक आजी माझ्याजवळ येऊन म्हणाली, 'बाई, आज पहिल्यांदा फडात मागं वळून बघितलं नाही.' तुमच्या शेतात टोळी उतरली तर एवढं करा: खोपी कुठं घालायच्या ते तुम्ही दाखवता, तेव्हा कालव्यापासून लांबची जागा दाखवा. आणि बॅरलवर झाकण द्या.

सिस्टर_चिकोडी

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. कडोलीच्या ताईंनी जे बघितलं, 'ओरडत नव्हतं, हात हलवत नव्हतं', ते जसंच्या तसं खरं आहे आणि ते सगळ्यांनी पाठ करावं. बुडणारं लेकरू हाका मारत नाही. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडणार कुठून? हात कडेला पसरून पाणी खाली दाबत असतं, म्हणून हात वर येत नाहीत. लांबून ते पाण्यात उभं राहून खेळतंय असंच वाटतं. एवढं सगळं मिनिटाच्या आत होतं. दंगा करणारी पोरं अचानक गप्प झाली तर धावा.

बाहेर काढल्यावर काय करायचं ते लिहिते, कारण दवाखान्यात लेकरू येतं तोवर अर्धी वेळ चुकीच्या गोष्टींत गेलेली असते. उलटं टांगायचं नाही. डोक्यावर घेऊन गरगर फिरवायचं नाही. पोट दाबून पाणी काढायचं नाही, त्यानं पोटातलं अन्न वर येऊन श्वासनळीत जातं. आणि मिठाच्या ढिगात ठेवलं की जीव परत येतो हा मेसेज दरवर्षी फिरतो. आपल्या कर्नाटकात आई-बापांनी तो खरा मानून गेलेल्या लेकराला तासन् तास मिठात ठेवलंय. त्या आई-बापांना दोष देत नाही, पण मेसेज पुढं पाठवणाऱ्यानं थांबावं.

लेकरू हलत नसेल, नीट श्वास घेत नसेल तर पाठीवर सपाट झोपवा. हनुवटी वर करून मान किंचित मागं. नाक दाबून तोंडाला तोंड लावून आधी श्वास द्या, पाच वेळा, छाती वर उचललेली दिसेल इतकाच. बुडालेल्याला हवेचीच वाण असते म्हणून आधी हवा. मग छातीच्या मधोमध तळहातानं दाबायचं, छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं खोल, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगानं. 30 वेळा दाबणं, 2 श्वास, परत 30. दुसरा माणूस फोन लावेल. मदत येईपर्यंत किंवा लेकरू श्वास घेईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून येत नाही, हातानं करून बघावं लागतं. जवळच्या दवाखान्यात विचारा, तरुण मंडळानं बोलावलं तर आमच्यासारखे येतात.

लेकरू शुद्धीवर आलं, रडलं, दूध प्यालं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फुप्फुसात पाणी गेलेलं असलं की काही तासांनी दम लागतो. ताई, तुमच्या भाच्याला नेलं होतं का?

कडोलीची_सून

सिस्टर, खोटं सांगत नाही, नाही नेलं. रडला, चहा-बिस्किट खाल्लं, आम्हाला वाटलं झालं. तुमचं वाचून आत्ता हात थंड पडलेत. घरात सगळ्यांना वाचून दाखवते.

येळ्ळूरचा_आज्जा

सिस्टर, डोक्यावर घेऊन फिरवायचं आम्ही केलंय. आमच्या वडिलांनी शिकवलेलं. आज कळलं. येत्या रविवारी आमच्या तालमीत येऊन पोरांना दाखवाल का? मी स्वतः पुढं बसतो.

सिस्टर_चिकोडी

येते आज्जा. एक जुनी उशी तयार ठेवा, त्यावर दाबून दाखवते.

बेळगुंदी_पोरगा

फोनचं एक. सीमेवरच्या गावात मोबाईल कधी ह्या राज्याचा टॉवर धरतो, कधी त्या. 112 किंवा 108 लावल्यावर पहिलं वाक्य 'पोरगं बुडालंय, या लवकर' असं नको. गाव, तालुका, जिल्हा, मग बाकीचं. आमच्याकडं एकदा समोरच्यानं तीनदा तालुका विचारला तेव्हा कळलं की फोन पलीकडं लागलाय.

आणि वैनी, सगळ्यांनी सांगितलं म्हणून मीही सांगतो, माझ्या वयाच्या पोरांसाठी. एक बुडाला की दुसरा उडी मारतो, मग त्याला काढायला तिसरा. दोस्तीत कुणी थांबत नाही. तिथं हातातली वस्तू फेकायची हे डोक्यात आधीच बसलेलं पाहिजे.

खानापूर_मास्तर

बरोबर बोललास. तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात 2020 मध्ये चार तरुण धरणाच्या पाण्यात बुडत होते. काठावर तीन बायका होत्या. त्यांनी अंगावरच्या साड्या सोडल्या, एकमेकींना बांधल्या आणि फेकल्या. दोघे वाचले. हा प्रसंग मी वर्गात सांगतो आणि मग विचारतो, 'तुमच्याजवळ आत्ता काय आहे?' पट्टा, टॉवेल, दप्तराचे बंद, उसाचं कांडं, सायकलची ट्यूब. पोरं अर्धा तास थांबत नाहीत.

निपाणीची_मावशी

आमच्याकडं पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन असतो, झाकण घट्ट. आत तांब्याभर पाणी ठेवायचं. नुसता रिकामा फेकला तर वाऱ्यानं भरकटतो, पाणी असलं की नेमका जातो. त्याच्या मुठीला दोर बांधलेला.

कडोलीची_सून

सगळ्यांचे आभार कसे मानू. काल दिरांनी आणि मी तळ्यावर काम केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल.

चारी कोपऱ्यांना बाहेरच्या बाजूला लोखंडी मेखा ठोकल्या. प्रत्येक मेखेला जाड नायलॉनचा दोर, दर फुटाला एक गाठ, दोराचं टोक तळाला पोचेल एवढं लांब, म्हणजे पाणी कमी झालं तरी दोर हाताला येतो. दोन बाजूंना जुने टायर एकाखाली एक बांधून आत सोडले, शिडीसारखे. कागद फाटू नये म्हणून मेखेपाशी गोणपाट घातलं. भोवतीनं जाळीचं कुंपण घालायचंय, त्याचे पैसे ऊसबिल आल्यावर. तोवर बाभळीच्या फांद्या रचल्यात आणि फाटकाला कुलूप. तेलाचा कॅन दोरासकट फाटकाच्या आतल्या खांबाला टांगलाय, सासूबाईंच्या हाताला येईल अशा उंचीवर. कासरा पण तिथंच ठेवायचा असं त्यांनी सांगितलंय.

मग दीर कपड्यांसकट पाण्यात उतरले आणि दोर धरून वर येऊन बघितलं. पहिल्या कोपऱ्याला आले. दुसऱ्या कोपऱ्याला हात घसरला, गाठी लांब पडल्या होत्या. त्या सोडून परत जवळ मारल्या.

कृष्णाकाठ_येडूर

ताई, गाठी मोठ्या माणसाच्या हातानं तपासल्यात. नऊ वर्षांच्या पोराची मूठ लहान असते, जाड दोर त्याला आवळता येत नाही. गाठीऐवजी हात आत जाईल असे फास मारून बघा, आणि पोराला कमरेला दोर बांधून, तुम्ही धरून, एकदा वर चढू द्या.

कडोलीची_सून

बरोबर आहे दादा, ते ध्यानातच आलं नव्हतं. नणंद पाडव्याला येतेय पोराला घेऊन. तेव्हा त्यालाच चढायला लावते, तो तयार असला तर. लाल पंचा आजच बाजारातनं आणला.